डबा सापडला? आता पोच द्या : ठाणे-नवी मुंबईतल्या नव्या जिओकॅशरसाठी

नवी मुंबईतल्या एका बागेत रखवालदारानं मला विचारलं, "मॅडम, बाकाखाली काय चाचपताय?" मी खरं ते सांगितलं, "कॅश शोधतेय." त्यानं तिथूनच दुसऱ्याला हाक मारली. "कुणाची कॅश पडली? किती होती?" मोबाइलवरचा नकाशा दाखवून, बाकाच्या लोखंडी पट्टीला चिकटलेली लोहचुंबकाची डबी काढून, आतली कागदाची सुरळी उलगडून दाखवेपर्यंत वीस मिनिटं गेली. शेवटी दोघांचं समाधान झालं. एकानं तर सुरळीवरची नावं मोठ्यानं वाचूनही दाखवली. तेव्हापासून बाहेर कुणाशी बोलताना मी ‘कॅश’ हा शब्द वापरत नाही, ‘डबा’ म्हणते. तुम्हीही पहिल्या दिवसापासून ‘डबा’च म्हणा.

खेळाचं नाव जिओकॅशिंग, आणि यातली ‘कॅश’ म्हणजे पैसे नव्हेत, लपवलेला डबा. खेळ थोडक्यात असा. कुणीतरी एक डबा लपवतं आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतं. बाकीचे मोबाइलच्या जीपीएसवर तो शोधतात, आतल्या वहीत नाव लिहितात, डबा होता तसाच परत ठेवतात आणि घरी येऊन ऑनलाइन नोंद करतात. २ मे २००० रोजी अमेरिकेनं नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर यांनी ओरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळ एक बादली ठेवली आणि तिचे आकडे इंटरनेटवर टाकले. बादलीत पुस्तकं, सॉफ्टवेअर, एक गलोल, बीन्सचा एक बंद डबा असं काहीबाही होतं. अल्मर यांनी सांगितलं होतं ते इतकंच : काही घ्या, काही ठेवा, आणि वहीत लिहा. आज जगभर तीस लाखांहून जास्त डबे आहेत.

त्यातलं ‘वहीत लिहा’ हे नवी मंडळी सगळ्यात हलक्यात घेतात. लपवणारा माणूस स्वतःच्या पैशानं डबा आणतो, जागा शोधतो, पावसाळ्यानंतर जाऊन कागद बदलतो. त्याला कुणी पैसे देत नाही. त्याच्या हाती येते ती फक्त तुमची नोंद. आपल्याकडे घरी आलेल्या वस्तूची पोच देतात ना, तशीच ही पोच. ती खरी हवी, वेळेवर हवी आणि माणसानं माणसाला लिहिल्यासारखी हवी. खाली सगळं क्रमानं सांगते, पण लक्षात ठेवायचं मुख्य ते हेच.

१. खातं उघडा आणि आकडे नीट वाचा

सुरुवातीला जिओकॅशिंगच्या अधिकृत संकेतस्थळावरचं मोफत खातं पुरतं. आपल्या भागात डबे मुळात थोडे आहेत, त्यामुळे प्रीमियमचे पैसे भरायची घाई करू नका. अँड्रॉइड फोन असेल तर अधिकृत ॲपबरोबर ‘सी-जिओ’ हे मोफत ॲपही बघा.

खात्याचं नाव आटोपशीर घ्या. तेच नाव डब्यातल्या कागदावर लिहायचं असतं, आणि नॅनो म्हणजे अगदी इवल्याशा डबीतली कागदाची पट्टी बोटाच्या नखाएवढी रुंद असते. कागदावर एक नाव आणि ऑनलाइन दुसरंच असं करू नका, लपवणाऱ्याला ताळा लागत नाही.

आता पहिला सापळा. जिओकॅशिंगचे आकडे अंश आणि दशांश-मिनिटांत असतात. समजा, उत्तर १९° १२.०००, पूर्व ०७२° ५८.५०० असं लिहिलंय. हे ठाणे शहर. पण कुणी नकाशात १९.१२, ७२.५८५ असं टाकलं, तर बिंदू पडतो थेट अरबी समुद्रात, वर्सोव्याच्या किनाऱ्यापासून वीसहून जास्त किलोमीटर आत. मिनिटांना ६० नं भागायचं असतं : खरे आकडे १९.२००० आणि ७२.९७५०. ॲप हे आपोआप करतं. मल्टी प्रकारात मात्र पहिल्या ठिकाणी पुढचे आकडे सापडतात आणि ते हातानं भरावे लागतात. चुका तिथेच होतात.

शेवटचा आकडा, म्हणजे मिनिटाचा हजारावा भाग, साधारण पावणेदोन मीटरचा असतो. मोबाइल मात्र मोकळ्या आकाशाखालीही तीन-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतो, आणि घोडबंदर रोडच्या टॉवरांमध्ये त्याहून बरंच जास्त. म्हणून बाण ‘० मीटर’ म्हणाला की फोन खिशात टाका आणि डोळे वापरा.

डब्याच्या ऑनलाइन पानावर दोन गुण दिलेले असतात, एक शोधण्याच्या अवघडपणाचा आणि एक वाटेच्या अवघडपणाचा. दोन्ही १ ते ५, अर्ध्या-अर्ध्या पायरीनं. पहिले पाच डबे दीडच्या आतले घ्या. निघण्यापूर्वी शेवटच्या चार-पाच नोंदी वाचा. ओळीनं ‘सापडला नाही’ दिसलं तर डबा बहुधा गेलेला आहे, तिकडे रविवार घालवू नका.

२. पिशवीत काय हवं

- शिसपेन्सिल, आणि बरोबर पेन. पावसाळ्यात पेनची शाई पसरते, शिसं राहतं. पानावर ‘बीवायओपी’ लिहिलं असेल तर त्याचा अर्थ डब्यात पेन नाही, स्वतःचं आणा.
- चिमटा. डबीतली सुरळी नखांनी ओढली तर फाटते. भुवयांचा साधा चिमटा चालतो.
- छोटी टॉर्च आणि हातभर लांब काठी.
- कोरडा रुमाल, दोन-तीन झिपच्या पिशव्या आणि नव्या बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या.
- कचऱ्यासाठी एक मोठी पिशवी.
- ओळखपत्र. आधार कार्ड किंवा वाहन परवाना, काहीही एक. कुणी चौकशी केली तर हे पहिल्यांदा दाखवायचं.
- डब्याच्या पानाचा स्क्रीनशॉट. टेकडीवर नेटवर्क जातं.

परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांना एक सांगून ठेवा. सॅटेलाइट फोन आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारी ट्रेकिंगची यंत्रं भारतात परवानगीशिवाय वापरता येत नाहीत. विमानतळावर अडवलेली माणसं आहेत. या खेळाला मोबाइल पुरेसा आहे.

३. जागा आणि वेळ

तलावपाळीवर संध्याकाळी सात वाजता काही शोधायला जाऊ नका. घोडे, फुगे, भेळ, फेरी मारणारे आजी-आजोबा, पाय ठेवायला जागा नसते. तिथे किंवा उपवनला जायचं तर सकाळी साडेसहाला. वाशीच्या सागर विहारचंही तेच.

येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे. तिथे बिबटे आहेत आणि वनखात्याचे नियमही. अंधार पडायच्या आत परत फिरा, रस्ता सोडून झाडीत शिरू नका. खारघरला पांडवकड्याच्या धबधब्यावर पावसाळ्यात जायला मनाई असते. नकाशात बाण तिकडे दाखवला तरी जाऊ नका, तिथे माणसं वाहून गेली आहेत. ठाणे खाडीच्या कडेनं चालायचं असेल तर भरती-ओहोटीची वेळ आधी बघा. कांदळवनातल्या चिखलात पाय गुडघ्यापर्यंत जातो आणि बाहेर काढताना चप्पल आतच राहते. शिवाय हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी चरत असतात. खाडीचा तो भाग २०१५ पासून अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर यादीत. पक्षी उठवून शोधलेला डबा मी तरी मोजणार नाही.

रेल्वेच्या हद्दीत काहीही शोधायचं नाही, लपवायचं तर नाहीच. आपण रोज फलाटावर ‘बेवारस वस्तूंना हात लावू नका’ ऐकतो. या महानगरानं स्फोट सोसलेत, त्यामुळे ती घोषणा इथे कुणी कानाआड करत नाही. तुमच्या हातातली डबी बघून कुणी घाबरलं तर चूक त्याची नाही.

४. जागेवर पोचल्यावर

खेळ माहीत नसलेल्या माणसाला जिओकॅशरांच्या बोलीत ‘मगल’ म्हणतात. डबा मगलांच्या नजरेस पडू नये हा शिष्टाचार आहे, कारण कुतूहलानं कुणी तो उचलून नेतं किंवा कचरा समजून झाडूवाले टाकून देतात. मगल जवळ असतील तर थांबा. बाकावर बसा, बुटाची नाडी बांधा, पाणी प्या. सगळ्या जगातले जिओकॅशर नाड्या बांधण्यात आयुष्य घालवतात, हा त्यांचा आपसातला जुना विनोद आहे.

पण लपूनछपून वागणं आणि संशयास्पद वागणं यात आपल्याकडे फार अंतर नाही. रखवालदार, पोलीस, सोसायटीचे सेक्रेटरी यांच्यापैकी कुणी विचारलं तर खोटं सांगू नका. "काका, हा शोधाशोधीचा खेळ आहे, इथे एक छोटी डबी लपवलेली आहे, त्यात नाव लिहून परत ठेवायचं", एवढं सांगून फोन दाखवा. ते ‘नको’ म्हणाले तर नमस्कार करून निघा. हुज्जत घालू नका. तुम्ही गेल्यावर पुढच्या जिओकॅशरला त्याच काकांशी बोलायचं असतं.

हात घालण्यापूर्वी काठी घाला. दगडी बांधाच्या फटी, झाडाची ढोली, पाइपचं तोंड इथे साप, विंचू, मुंगळे असतात आणि पावसाळ्यात जास्त. काहीही खणू नका, फरशी उचकटू नका, झाडाच्या फांद्या मोडू नका. जागेच्या मालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय डबा जमीन खणून ठेवता येत नाही, तेव्हा खणायची वेळ आली म्हणजे तुम्ही चुकीच्या जागी आहात. विजेच्या खांबाची किंवा डीपीची झाकणं उघडायची नाहीत. अमेरिकेत दिव्याच्या खांबाच्या पायथ्याचं आवरण उचललं की खाली डबा असतो, हा प्रकार तिथे इतका झालाय की त्याच्यावर विनोद होतात. आपल्याकडे पावसाळ्यात खांबाला हात लावणं जिवावर बेतू शकतं.

५. डब्यातली वही

सापडला! आता सावकाश. डबा कसा ठेवला होता, झाकण कुठल्या बाजूला होतं, वर कोणता दगड होता, याचा उचलण्यापूर्वी स्वतःसाठी एक फोटो काढा. तो कुठेही टाकायचा नाही.

कागदावर तारीख आणि नाव, बस्स. जागा वाचवा. चौघे मिळून गेलात तर सगळ्यांनी मिळून एक गटाचं नाव लिहिलं तरी चालतं, पण ऑनलाइन नोंदीत ते सांगा. कागद ओला असेल तर त्यावर ओरबाडू नका. आपल्या जवळचा कोरडा तुकडा झिपच्या पिशवीत घालून ठेवा, जुना काढू नका आणि लपवणाऱ्याला कळवा. झाकण बंद करताना कडेला कागदाचा कोपरा अडकलेला नाही ना, ते बोट फिरवून बघा. त्या एका कोपऱ्यातून पाणी वातीसारखं आत चढतं आणि आठवड्यात लगदा होतो.

डबा मिळाला तिथेच ठेवा. ‘इथे जास्त बरा लपेल’ असं तुम्हाला कितीही वाटलं तरी.

मोठ्या डब्यात देवाणघेवाणीच्या वस्तू असतात. घेतलंत तर तेवढ्याच किंवा जास्त मोलाचं ठेवा. खाऊ ठेवू नका. लिमलेटच्या एका गोळीनं डब्यात मुंग्यांचं वारूळ झालेलं मी पाहिलंय. दारू, औषधं, चाकू, काडेपेटी यांना तर सक्त मनाई. धातूच्या पट्टीवर क्रमांक कोरलेली वस्तू दिसली तर ती ट्रॅव्हल बग. ती कुणाच्या मालकीची असते आणि डब्याडब्यातून प्रवास करत असते. पुढे नेऊन सोडणार असाल तरच उचला, दोन आठवड्यांत सोडा. क्रमांकाचा फोटो जाहीर करू नका. तुमच्या आसपास दुसरा डबा नसेल तर नुसती ‘पाहिली’ अशी नोंद करा आणि ती तिथेच राहू द्या.

६. ऑनलाइन पोच

नोंदीचे मुख्य प्रकार चार : सापडला, सापडला नाही, टिपण, आणि डब्याकडे लक्ष द्या. दिसायला सोपं आहे, पण घोळ सगळा इथे होतो.

‘सापडला’ तेव्हाच, जेव्हा तुमचं नाव कागदावर आहे. मी सुरुवातीला एकदा तारेला लटकलेलं नुसतं झाकण पाहून ‘सापडला’ केलं. जागा बरोबर, झाकण बरोबर, आणखी काय हवं, असं मला वाटलं. माझ्या त्या नोंदीवर विसंबून पनवेलहून एक कुटुंब दोन मुलांना घेऊन आलं आणि तासभर शोधून रिकाम्या हातानं गेलं. लपवणाऱ्या बाईंनी मला अगदी साधा संदेश पाठवला : "डबा नव्हता ना? मग तसं लिहा, म्हणजे मला जाऊन नवा ठेवता येईल." मी नोंद बदलली. त्या कुटुंबाची फेरी मात्र परत देता आली नाही.

म्हणून ‘सापडला नाही’, ज्याला सगळे डीएनएफ म्हणतात, ते लिहायला अजिबात लाजू नका. ते अपयश नाही, माहिती आहे. किती वेळ शोधलं, कुठे नाही बघितलं, गर्दी होती का, एवढं लिहा. गाडीतून उतरलाच नसाल तर डीएनएफ नको, टिपण पुरे.

डबा सापडला नाही म्हणून तिथे स्वतःची डबी ठेवून ‘सापडला’ करणं, याला थ्रोडाउन म्हणतात. मदत वाटते, पण मूळ डबा दोन हातांवर असतो, आणि मग एकाच जागी दोन डबे होतात. लपवणाऱ्याला विचारल्याशिवाय हे करू नका. घरबसल्या, न जाता केलेली नोंद तर सरळ लबाडी आहे. लपवणारा कागद तपासतो आणि ती पुसून टाकतो.

आता मजकूर. ‘टीएफटीसी’ म्हणजे डब्याबद्दल आभार. चार अक्षरं लिहून काम भागतं, पण ती पोच नव्हे, शिक्का झाला. एखाद्यानं महिनाभर खपून दगडासारखी दिसणारी डबी बनवली असेल आणि तुम्ही चार अक्षरं टाकून निघून गेलात, तर तो पुढची बनवेल का? दोन-तीन ओळी लिहा. उदाहरणार्थ :

"सकाळी पावणेसातला भाचीबरोबर आले. ती आठ वर्षांची, तिनंच आधी पाहिला. शेजारी खंड्या बसला होता, तो उडेपर्यंत आम्ही थांबलो. कागद कोरडा, झाकण घट्ट. इथून तळं असं दिसतं हे ठाण्यात पंचवीस वर्षं राहून माहीत नव्हतं. आभार."

बघा, यात डबा कुठे आहे ते कुठेच आलेलं नाही. कागदाची अवस्था आली, जागेबद्दल आपुलकी आली. ‘तिसऱ्या पायरीच्या मागे’, ‘निळ्या पाइपला बघा’ असं लिहिलं की पुढच्याचा शोध तुम्ही संपवलात. फोटोही तळ्याचा टाका, डब्याचा नको. डब्याच्या पानावर जी सूचना असते, तीसुद्धा अक्षरं तेरा घरं सरकवून गुप्त केलेली असते, ज्याला हवी त्यानंच उलगडावी म्हणून.

मराठीत लिहा. परदेशी वाचक भाषांतर करून घेतात आणि त्यांना ते आवडतं. खाली एक ओळ इंग्रजीत जोडली तर आणखी बरं. नोंद त्याच दिवशी करा, निदान तारीख तरी खरी घाला.

अर्थकॅश (इंग्रजीतलं ‘अर्थ’, म्हणजे पृथ्वी) या प्रकारात डबा नसतो, खडक-डोंगरासारखं भूशास्त्रातलं काही पाहून प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात. पारसिकच्या डोंगरातला काळा बसाल्ट बघणाऱ्याला हा प्रकार आवडेल. ती उत्तरं पान बनवणाऱ्याला खासगी संदेशात पाठवायची, नोंदीत नाही.

७. इथला विनोद

जिओकॅशर एकमेकांना हसवतात ते डब्याच्या नावातून, डब्याच्या वेषांतरातून आणि डीएनएफच्या नोंदींतून. तासभर शोधूनही न सापडलेल्यांच्या नोंदी वाचा, त्यात कविता असतात, काल्पनिक खटले असतात, डब्याला लिहिलेली विनंतीपत्रं असतात. मराठीत तर याला खूप वाव आहे. तळ्याकाठच्या मल्टीला ‘तळ्यात मळ्यात’ नाव दिलं तर काय सापडणार ते आधीच हसत कळतं. खोटा नटबोल्ट, आत पोकळ असलेली फांदी, भिंतीच्या रंगाची चुंबकी पट्टी, ही सगळी हसवण्याचीच तऱ्हा.

तीन गोष्टींवर विनोद नको. रखवालदार, झाडूवाले, टपरीवाले यांना नोंदीत चेष्टेचा विषय करू नका. ती माणसं रोज तिथे असतात आणि डबा त्यांच्याच कृपेवर टिकतो. लपवणाऱ्याच्या डब्याला ‘बेकार’ म्हणू नका; आवडला नसेल तर थोडक्यात आटपा. आणि तारा, टायमर, बॉम्बची आठवण येईल असं काहीही डबा म्हणून कधीच नको. परदेशात लष्करी गोळ्यांच्या हिरव्या पेट्या आवडीनं वापरतात. आपल्याकडे तशी पेटी बागेत दिसली तर पूर्ण रस्ता बंद होईल.

८. स्वतःचा डबा लपवायचा असेल तर

निदान वीस-पंचवीस डबे शोधल्याशिवाय लपवू नका. चांगला डबा कशाला म्हणतात ते त्याशिवाय कळत नाही.

- जागेच्या मालकाची परवानगी घ्या. सोसायटी असेल तर सेक्रेटरींकडून लेखी, बाग असेल तर महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज. शाळा, रेल्वे, पूल, सरकारी इमारती, अभयारण्य सोडून द्या.
- दुसऱ्या डब्यापासून किमान १६१ मीटर अंतर ठेवा.
- डबा पारदर्शक घ्या आणि वर ठळक मराठीत लिहा : ‘हा खेळाचा डबा आहे, धोकादायक नाही, कृपया इथेच राहू द्या.’ हिंदीतही लिहा.
- चारी बाजूंनी कड्या लागणारा, रबराची चकती असलेला स्वयंपाकघरातला डबा आपला पाऊस सोसतो. चकती वर्षाला बदला.
- घरापासून रिक्षानं जाता येईल अशीच जागा निवडा. दूरच्या सहलीत डबा ठेवून आलात तर त्याला बघणार कोण?

पान भरून पाठवलं की एक स्वयंसेवक परीक्षक ते तपासतो, प्रश्न विचारतो. परवानगीचा तपशील आधीच लिहून ठेवा, म्हणजे वेळ वाचतो. ठाण्यात १६ एप्रिल १८५३ रोजी देशातली पहिली प्रवासी गाडी पोचली, ती गोष्ट सांगायचा मोह सगळ्यांनाच होतो. सांगा, पण मल्टीचे प्रश्न स्टेशनाबाहेरच्या फलकांवर ठेवा आणि शेवटचा डबा रुळांपासून दूर.

शक्य असेल तर डब्याजवळ वर्षातून एक सफाईची भेट ठरवा. २००२ पासून जगभरचे जिओकॅशर अशा भेटी घेतात. आपल्याकडे विसर्जनानंतरचा रविवार योग्य, तळ्याकाठी निर्माल्याच्या प्लॅस्टिक पिशव्या गोळा करायलाच दहा माणसं लागतात.

पावसाळा संपला की ऑक्टोबरात डबा उघडा. आतला कागद ओला असेल तर तो फेकू नका. घरी आणा, दोन वर्तमानपत्रांच्या मध्ये ठेवून पंख्याखाली वाळवा, मग ऑनलाइन नोंदींशी एकेक नाव ताडून बघा. कागदावर असलेलं आणि ऑनलाइन नसलेलं एखादं नाव हमखास निघतं. शिसपेन्सिलीनं लिहिलेलं असेल तर ते दुसऱ्या दिवशी नीट वाचता येतं.